मदत हवी आहे : बंद पडलेल्या लॅपटॉपमधील फायली दुसऱ्या लॅपटॉपला जोडून कशा काढाव्यात?

जाईजुई_सातारा (शुक्रवार, रात्री ९.१०)

माझा लॅपटॉप मंगळवारपासून बंद आहे आणि त्यातील फायली मला तातडीने हव्या आहेत. दोन लॅपटॉप केबलने एकमेकांना जोडले की एकातल्या फायली दुसऱ्यात दिसतात असे ऐकले होते, म्हणून आज दोन्ही टोकांना सारखीच यूएसबी पिन असलेली केबल आणून माझा लॅपटॉप यजमानांच्या लॅपटॉपला जोडला, परंतु काहीच झाले नाही. माझ्या पीएच.डी. प्रबंधाची शेवटची दोन प्रकरणे, परिशिष्टातील जात्यावरच्या ओव्या आणि त्या गाणाऱ्या बायकांच्या आवाजातील ध्वनिमुद्रणे, सगळे त्या लॅपटॉपमध्ये आहे. प्रबंध २० तारखेला सादर करायचा आहे. कोणती केबल घ्यावी आणि ती कुठे जोडावी एवढेच सांगावे. बॅकअप का घेतला नाही असे कृपया कोणी विचारू नये. गेले तीन दिवस तो प्रश्न मी स्वतःलाच विचारते आहे.

वाटाड्या (रात्री ९.३५)

ताई, सर्वप्रथम ती केबल काढून ठेवा आणि पुन्हा लावू नका. यूएसबीच्या रचनेत एक बाजू होस्ट, म्हणजे सूत्रे हलवणारी, आणि दुसरी जोडलेले उपकरण असते. दोन्ही लॅपटॉप होस्टच असल्यामुळे त्यांच्यात संवाद होत नाही. उलट दोन्हींकडून पाच व्होल्टचा पुरवठा समोरासमोर येतो आणि चालू लॅपटॉपच्या पोर्टलाही इजा होऊ शकते. मध्ये चिप असलेल्या खास केबली मिळतात, पण त्यांना दोन्ही यंत्रे सुरू असावी लागतात.

आता काही गोष्टी सांगितल्याशिवाय पुढचे सांगता येणार नाही. बंद आहे म्हणजे नेमके काय? चार्जिंगचा दिवा लागतो का? पंख्याचा आवाज येतो का? लॅपटॉप कोणत्या वर्षी घेतला आणि त्यात जुनी फिरणारी हार्ड डिस्क आहे की एसएसडी, म्हणजे चिपांवर साठवण करणारी डिस्क? मंगळवारी नेमके काय झाले?

मुक्तस्रोत (रात्री ९.५२)

यावर सोपा आणि विनाखर्च उपाय आहे. यजमानांच्या लॅपटॉपवर उबुंटू ही विनामूल्य लिनक्स कार्यप्रणाली उतरवून घ्या, ते पेन ड्राइव्हवर चढवा, त्या पेन ड्राइव्हवरून तुमचा लॅपटॉप सुरू करा आणि स्थापना न करता नुसते वापरून पाहण्याचा पर्याय निवडा. विंडोज बिघडलेले असले तरी डिस्कवरील फायली बहुधा दिसतील आणि त्या बाह्य डिस्कवर उतरवता येतील. मी या मार्गाने नातेवाइकांचे निदान सहा लॅपटॉप वाचवले आहेत.

वाटाड्या (रात्री १०.०४)

मुक्तस्रोत, आपला उपाय विंडोज बिघडले असेल तर उत्तम आहे. पण लॅपटॉपच सुरू होत नसेल तर पेन ड्राइव्ह लावायचा कशाला? आधी त्यांचे उत्तर येऊ द्यावे.

जाईजुई_सातारा (रात्री १०.२०)

लॅपटॉप २०२१ साली घेतला. चार्जर लावला की दिवा लागतो, बटण दाबल्यावर पंखा क्षणभर फिरतो आणि थांबतो, पडद्यावर काही येत नाही. आत कोणती डिस्क आहे ते मला ठाऊक नाही. येथील एका दुकानात दाखवला होता, तेथे मदरबोर्ड बदलावा लागेल, पंचवीस हजार खर्च येईल आणि डेटाची हमी नाही असे सांगितले. मला लॅपटॉप दुरुस्त करायचा नाही, फायली हव्या आहेत.

खडीसाखर (रात्री १०.३१)

पडदा गेला असेल तर एचडीएमआय केबलने टीव्हीला जोडून पाहा. आमच्याकडे मुलाने बिजागरीपाशी लॅपटॉप दाबला होता, तेव्हा नुसता पडदा गेला होता आणि टीव्हीवर सगळे व्यवस्थित दिसत होते.

पेठेतला_मास्तर (रात्री १०.४५)

पंचवीस हजार दुरुस्तीला घालण्यापेक्षा थोडी भर घालून नवीन लॅपटॉप घ्यावा. सोळा जीबी रॅम आणि निदान पाचशे बारा जीबी एसएसडी असावी. पडदा चौदा इंची घेतल्यास प्रवासात सोयीचा पडतो.

जाईजुई_सातारा (रात्री १०.५८)

टीव्हीला जोडून पाहिले, काही दिसत नाही. मास्तर, मी नवीन लॅपटॉपबद्दल विचारलेले नाही.

मंगळवारी टेबलावरची पाण्याची बाटली कळफलकावर लवंडली होती. मी लगेच पुसून घेतले होते आणि त्यानंतर तासभर तो चालूही होता, म्हणून आधी लिहिले नाही.

डागकाम_नाशिक (रात्री ११.१५)

हे पहिल्याच ओळीत लिहायला हवे होते, ताई. मी गेली चौदा वर्षे लॅपटॉपच्या बोर्डांची दुरुस्ती करतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

चार्जर आत्ताच काढा आणि पुन्हा बटण दाबून पाहू नका. नळाच्या पाण्यात क्षार असतात. वरून पुसले तरी कळफलकाखाली शिरलेले पाणी बोर्डावर बसते, आणि त्याच वेळी विजेचा प्रवाह चालू असेल तर तांब्याच्या बारीक रेषा व चिपांचे पाय झपाट्याने गंजू लागतात. पाणी सांडल्यावर तासभर चालला म्हणजे वाचला असे होत नाही. त्या तासातच नुकसान वाढते. चार्जर काढला तरी आतली बॅटरी बोर्डाला जोडलेलीच असते, त्यामुळे खालचे झाकण उघडून तिचा जोड सोडवणे हे पहिले काम आहे.

यात दिलासा देणारी गोष्ट अशी की बोर्ड जळला म्हणून डिस्क जळते असे नाही. २०२१ च्या बहुतेक लॅपटॉपमध्ये एसएसडी ही बोर्डावर आडवी बसवलेली, २२ मिलिमीटर रुंद आणि बहुधा ८० मिलिमीटर लांब अशी पट्टी असते आणि ती एका स्क्रूने धरलेली असते. ती काढून यूएसबीच्या केसिंगमध्ये, म्हणजे बाहेरून जोडायच्या डबीत, घातली की पेन ड्राइव्हसारखी दुसऱ्या लॅपटॉपला जोडता येते. आपण ऐकलेली जोडणी बहुधा हीच असावी. लॅपटॉप लॅपटॉपला जोडायचा नसतो, त्यातली डिस्क जोडायची असते.

अपवाद एवढाच की काही पातळ किंवा स्वस्त लॅपटॉपांत साठवणुकीची चिप बोर्डावरच डागलेली, म्हणजे सोल्डर केलेली, असते. तसे असेल तर केसिंगचा उपयोग नाही आणि बोर्ड निदान फायली निघेपर्यंत तरी जिवंत करावा लागतो. झाकण उघडून आधी पट्टी आहे का ते पाहा.

वाडीकर (रात्री ११.३०)

लॅपटॉप दोन दिवस तांदळाच्या डब्यात ठेवा. माझा भिजलेला फोन तांदळात ठेवल्यावर सुरू झाला होता.

डागकाम_नाशिक (रात्री ११.३८)

वाडीकर, आपला फोन नुसता ठेवूनही सुरू झाला असता असे माझे मत आहे. तांदूळ चिपेखाली अडकलेले पाणी ओढून घेत नाही, आणि पाणी वाळले तरी मागे राहिलेले क्षार तेथेच राहतात. ते आयसोप्रोपिल अल्कोहोलने आणि मऊ ब्रशने धुवावे लागतात. माझ्याकडे तांदळातून काढून आणलेल्या यंत्रांच्या पोर्टांत कण्या अडकलेल्या मी स्वतः काढल्या आहेत. ताईंनी कृपया हे करू नये.

जाईजुई_सातारा (शनिवार, दुपारी १२.४०)

यजमानांनी सकाळी झाकण उघडले. बॅटरीचा जोड सोडवला. आत आपण म्हणता तशी पट्टी आहे आणि ती कोरडी दिसते. बाजारातून एसएसडीचे केसिंग आणले, परंतु पट्टी त्यात बसत नाही. पट्टीच्या टोकाला एकच खाच आहे आणि केसिंगमधली जागा वेगळी आहे. थोडे दाबून बसवले तर चालेल का?

डागकाम_नाशिक (दुपारी १२.५५)

कृपया दाबू नका. आपल्याला साटा प्रकारचे केसिंग दिले गेले आहे आणि आपली पट्टी एनव्हीएमई प्रकारची असावी. साटा पट्टीच्या टोकाला बहुधा दोन खाचा असतात, एनव्हीएमईच्या टोकाला बहुधा एक. दोन्ही दिसायला सारख्या असल्या तरी त्यांची भाषा वेगळी आहे, त्यामुळे एकीचे केसिंग दुसरीला चालत नाही. दुकानात पट्टीच सोबत न्या आणि एनव्हीएमई केसिंग मागा. दीड-दोन हजारांच्या आत चांगले मिळावे. दोन्ही प्रकार चालणारी केसिंगेही मिळतात.

कोकणवारा (दुपारी १.१०)

माझ्याकडे २०१४ चा लॅपटॉप आहे, त्यातली हार्ड डिस्क चपटी आणि चौकोनी आहे. तिलाही हेच केसिंग लागेल का?

वाटाड्या (दुपारी १.२२)

नाही. ती अडीच इंची साटा डिस्क आहे, तिच्यासाठी साटा ते यूएसबी अशी साधी केबल मिळते आणि तिला लागणारी वीज यूएसबीतूनच मिळते. डेस्कटॉपमधल्या साडेतीन इंची डिस्कला मात्र बारा व्होल्टचा वेगळा पुरवठा लागतो. डिस्कमधून टकटक आवाज येत असेल तर ती पुन्हापुन्हा जोडून पाहू नये, कारण वाचणारे शीर्ष आतल्या तबकडीवर घासत असण्याची शक्यता असते आणि प्रत्येक प्रयत्नागणिक वाचवण्याजोगे कमी होत जाते. तशी डिस्क निर्धूळ खोली असलेल्या प्रयोगशाळेकडेच द्यावी.

जाईजुई_सातारा (सायंकाळी ५.३०)

दुसरे केसिंग मिळाले, पट्टी बसली आणि यजमानांच्या लॅपटॉपमध्ये नवीन ड्राइव्ह दिसू लागला. मला रडूच आले. परंतु त्याच्या चित्रावर कुलूप आहे आणि उघडायला गेले की अठ्ठेचाळीस अंकी बिटलॉकर रिकव्हरी की मागतो. मी असे कुलूप कधीच लावलेले नाही. लॅपटॉप सुरू करताना मी जो पासवर्ड टाकत असे तो येथे चालत नाही. दुकानदाराने काही केले असेल का?

संगणकवाला_८८ (सायंकाळी ५.४५)

ड्राइव्ह फॉरमॅट करा, कुलूप निघून जाईल. त्यानंतर फोटोरेकसारख्या सॉफ्टवेअरने सगळ्या फायली परत मिळवता येतात.

मुक्तस्रोत (सायंकाळी ५.५१)

ताई, वरचा सल्ला कृपया मुळीच मानू नका. फोटोरेक हे मी स्वतः वापरलेले उत्तम मुक्त सॉफ्टवेअर आहे, पण ते पुसल्या गेलेल्या फायली त्यांच्या आतल्या ठशावरून ओळखून काढते. येथे फायली पुसलेल्याच नाहीत, त्या कूटबद्ध, म्हणजे किल्लीशिवाय वाचता न येणाऱ्या सांकेतिक रूपात, आहेत. फॉरमॅट केल्यास कूटबद्धतेची माहिती पुसली जाईल, शिवाय एसएसडीमध्ये मोकळी झालेली जागा ट्रिम आज्ञेमुळे खरोखरच रिकामी केली जाते. मग फोटोरेकला वाचायला काही उरणार नाही.

संगणकवाला_८८ (सायंकाळी ५.५८)

मी पेन ड्राइव्हवर हे अनेकदा केले आहे आणि फायली मिळाल्या आहेत.

डागकाम_नाशिक (सायंकाळी ६.१०)

कुलूप नसलेल्या पेन ड्राइव्हचा अनुभव येथे लागू होत नाही, आणि दुसऱ्याच्या चार वर्षांच्या कामावर प्रयोग सुचवताना आपण सगळ्यांनीच थोडे थांबावे असे मला वाटते.

ताई, दुकानदाराने काही केलेले नाही. हल्लीच्या बऱ्याच लॅपटॉपांवर मायक्रोसॉफ्ट खात्याने पहिल्यांदा प्रवेश केला की डिव्हाइस एन्क्रिप्शन, म्हणजे विंडोजचे हे बिटलॉकर कुलूप, आपोआप सुरू होते. बोर्डावरील टीपीएम नावाची सुरक्षा व्यवस्था रोज ते कुलूप न विचारता उघडत असे, म्हणून आपल्याला कधी कळले नाही. आता पट्टी त्या बोर्डापासून वेगळी झाल्यामुळे किल्ली हाताने द्यावी लागते. कुलूप लागते त्याच वेळी ती किल्ली त्या मायक्रोसॉफ्ट खात्यात साठवली जाते, म्हणजे ती कुठेतरी असायला हवी. दुसऱ्या लॅपटॉपवर किंवा फोनवर आपल्या मायक्रोसॉफ्ट खात्यात जाऊन बिटलॉकर रिकव्हरी कीचे पान उघडा. पडद्यावर किल्लीच्या ओळखक्रमांकाची पहिली आठ अक्षरे दिसत असतील, ती जुळवून पाहा.

मुक्तस्रोत (सायंकाळी ६.१९)

लिनक्सवरही बिटलॉकरचा ड्राइव्ह उघडता येतो, पण किल्ली तेथेही लागतेच. किल्लीशिवाय उघडून देतो म्हणून पैसे मागणाऱ्या कोणत्याही सॉफ्टवेअरच्या नादी लागू नका.

जाईजुई_सातारा (सायंकाळी ७.०५)

माझ्या खात्यात एकही किल्ली दिसत नाही. तेथे एकही उपकरण नोंदलेले नाही. आता काय करावे?

वाटाड्या (सायंकाळी ७.१२)

घाबरू नका. लॅपटॉप नवीन आणला तेव्हा पहिल्यांदा कोणी सुरू करून दिला होता? महाविद्यालयाकडून मिळाला होता की स्वतः घेतला होता? महाविद्यालयाच्या खात्याने प्रवेश केला असेल तर किल्ली त्या संस्थेच्या खात्यात असू शकते.

जाईजुई_सातारा (सायंकाळी ७.३०)

स्वतः घेतला होता. दिवाळीत भाचा आला होता, त्याने सगळे सुरू करून दिले होते. तो पुण्यात हिंजवडीला असतो. त्याचा ईमेल वापरला होता का ते मला आठवत नाही. त्याला फोन लावते आहे, तो उचलत नाही.

खडीसाखर (सायंकाळी ७.४१)

तोवर थोडे जेवून घ्या, ताई. तुमचा धागा आमच्या घरात सगळे वाचत आहेत.

अक्षरओळख (रात्री ८.२०)

भाचा भेटेपर्यंत एक वेगळी विनंती करते. जात्यावरच्या ओव्यांच्या संकलनात मलाही रस आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ या संशोधकांनी गावोगावी फिरून एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या आणि त्यांतल्या अनेक आज सगळ्यांना ऐकता येतात, कारण त्या एकाच घरात अडकून राहिल्या नाहीत. आपली ध्वनिमुद्रणेही हाती आली की विद्यापीठाच्या ग्रंथालयात एक प्रत देता येईल का, याचा विचार व्हावा. त्या बायकांपैकी काहीजणी आज हयात नसतील.

जाईजुई_सातारा (रात्री ९.१५)

आठजणींपैकी तिघी आता नाहीत, म्हणूनच एवढा जीव तुटतो आहे.

भाचा भेटला. किल्ली त्याच्या खात्यात होती. ओळखक्रमांक जुळला, फोनवर तो सहा-सहा अंक सांगत गेला आणि मी टाकत गेले. कुलूप उघडले. डागकाम दादा, वाटाड्या, मुक्तस्रोत, आपले आभार कोणत्या शब्दांत मानावेत हे मला सुचत नाही. परंतु युजर्स फोल्डर उघडताना परवानगी नाही असे येते.

वाटाड्या (रात्री ९.२२)

फार आनंद झाला. पुढे जाण्याचा पर्याय निवडा, यजमानांच्या खात्याला प्रशासकाचे अधिकार असतील तर परवानगी मिळेल. डेस्कटॉप रिकामा दिसला तर वनड्राइव्ह नावाच्या फोल्डरात पाहा, फायली बऱ्याचदा तेथे हलवलेल्या असतात. त्या ड्राइव्हवरच फायली उघडून काम करू नका. आधी ध्वनिमुद्रणे, मग प्रबंध, मग बाकीचे, असे सगळे दुसऱ्या डिस्कवर उतरवा आणि तेथे उघडून पाहा.

पुणेरी_पाटी_२ (रात्री ९.४०)

माझा २०१९ चा मॅकबुक प्रो पाण्याने बंद पडला आहे. त्याची डिस्कही अशीच काढता येईल का?

डागकाम_नाशिक (रात्री १०.०२)

नाही, आपले प्रकरण याहून अवघड आहे. २०१९ च्या मॅकबुक प्रोमध्ये साठवणुकीच्या चिपा बोर्डावरच डागलेल्या असतात आणि त्यांची कूटबद्धता बोर्डावरील टी-२ या सुरक्षा चिपेशी बांधलेली असते. बोर्ड सुरू होत असेल तर टार्गेट डिस्क मोडमध्ये, म्हणजे मॅक बाह्य डिस्कसारखा वागतो त्या स्थितीत, थंडरबोल्ट केबलने दुसऱ्या मॅकला जोडून फायली काढता येतात. तो मुळीच सुरू होत नसेल तर आधी बोर्ड दुरुस्त करून घ्यावा लागेल. आपण वेगळा धागा काढल्यास सविस्तर लिहितो.

जाईजुई_सातारा (रात्री ११.२५)

ध्वनिमुद्रणे सर्व अडतीस उतरली आणि वाजली. प्रबंधाची प्रकरणेही उघडली. परंतु परिशिष्टाच्या आठ फायली खराब झाल्या आहेत. त्यांत मराठी अक्षरांऐवजी डोक्यावर टिंबे आणि रेघा असलेली रोमन अक्षरे व चिन्हे दिसत आहेत. पाण्यामुळे असे झाले असेल का? या फायली दुरुस्त करण्याचे सॉफ्टवेअर कोणते?

मुक्तस्रोत (रात्री ११.३३)

मूळ फाइलवर काही करू नका. तिची प्रत घेऊन ती लिब्रेऑफिसमध्ये उघडून पाहा, खराब झालेल्या फायली ते अनेकदा दुरुस्त करून उघडते.

अक्षरओळख (रात्री ११.५०)

लिब्रेऑफिसने येथे काही होणार नाही, कारण माझ्या अंदाजाने फायली खराब झालेल्याच नाहीत. या आठ फायली बाकीच्यांपेक्षा जुन्या आहेत का, आणि त्या श्रीलिपीसारख्या फॉण्टमध्ये टंकलेल्या होत्या का?

जाईजुई_सातारा (मध्यरात्री १२.०५)

हो. त्या २००८ साली गावातल्या छापखान्यात टंकून घेतल्या होत्या आणि श्रीलिपीच होती. माझ्या लॅपटॉपवर मात्र त्या नीट दिसत असत.

अक्षरओळख (मध्यरात्री १२.२०)

मग उत्तर सोपे आहे. त्या काळच्या फॉण्टांत 'क' हे अक्षर क म्हणून साठवलेले नसते. फाइलमध्ये रोमन अक्षरांचे वा चिन्हांचे संकेतांक असतात आणि फॉण्ट त्या जागी देवनागरीचे तुकडे रंगवतो. काना वेगळा, वेलांटी वेगळी, रफार वेगळा. यजमानांच्या लॅपटॉपवर तो फॉण्ट नसल्यामुळे खालचे संकेतांक उघडे पडले आहेत. ओव्या जशाच्या तशा आहेत.

जुन्या ड्राइव्हवर विंडोज फोल्डरात फॉण्ट्स नावाचा फोल्डर असेल. त्या फाइलमध्ये कोणत्या फॉण्टचे नाव दिसते ते पाहा, त्याच नावाचा फॉण्ट तेथून उतरवून यजमानांच्या लॅपटॉपवर बसवा. ओव्या दिसू लागल्या की लगेच फॉण्टसकट पीडीएफ काढून ठेवा, म्हणजे छपाईपुरते काम भागेल. युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षराला स्वतःचा संकेतांक देणाऱ्या आजच्या पद्धतीत, रूपांतर जरूर करा, पण प्रबंध सादर झाल्यावर, कारण रूपांतरात रफार आणि जोडाक्षरे हमखास चुकतात आणि बोलीतील शब्द तपासायला वेळ लागतो. तुमच्या गावाकडचा 'ळ' मशीनला कळणार नाही, तो तुम्हालाच वाचावा लागेल.

मुक्तस्रोत (मध्यरात्री १२.२८)

माझा सल्ला चुकला होता. देवनागरी युनिकोडमध्ये १९९१ पासून आहे, तरीही आपले किती लिखाण अजून असे फॉण्टात कोंडलेले असेल याचे वाईट वाटते.

जाईजुई_सातारा (रविवार, सकाळी ७.५०)

फॉण्ट मिळाला, आठही फायली दिसल्या आणि पीडीएफ काढून झाल्या. सगळ्याची एक प्रत बाह्य डिस्कवर आहे, दुसरी भाच्याकडे पाठवली आहे, आणि अक्षरओळख यांच्या सूचनेप्रमाणे तिसरी प्रत ग्रंथालयात देण्याविषयी मार्गदर्शकांशी उद्या बोलते. किल्लीचे अठ्ठेचाळीस अंक वहीत लिहून ठेवले आहेत. आता ही पट्टी पुसून केसिंगसह बाह्य डिस्क म्हणून वापरायला घेऊ का?

डागकाम_नाशिक (सकाळी ८.१५)

आत्ता नको. ती आहे तशीच डब्यात घालून कोरड्या जागी ठेवा आणि मौखिक परीक्षा होईपर्यंत हात लावू नका. घाईत एखादा फोल्डर उतरवायचा राहिला असेल तर तो तेव्हाच आठवतो. बंद लॅपटॉप इकडे पाठवलात तर बोर्ड धुऊन पाहतो. त्याला किती गंज चढला आहे ते पाहिल्यावरच खर्च सांगेन.